कोपऱ्यातली चौकट

१

कारखान्यातले कुठलेही ड्रॉइंग उलगडा. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट आखलेली असते. वस्तूचे नाव, धातू, प्रमाण, आणि त्याखाली तीन रकाने : काढले, तपासले, मंजूर. प्रत्येक रकान्यात एकेक सही. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूमचा फिटर म्हणून मी अडतीस वर्षे काढली. त्या काळात अशी हजारो ड्रॉइंग माझ्या हाताखालून गेली. त्यांतल्या एकावरही माझे नाव नाही. ते असावे असे पुष्कळ वर्षे मलाही वाटले नव्हते.

वाटू लागले ते एका पिनेमुळे.

१९८४ सालची गोष्ट. स्कूटरच्या एका ब्रॅकेटला भोके पाडण्याचे फिक्स्चर आमच्याकडे होते. ब्रॅकेट दोन्ही अंगांनी सारखाच दिसे. फरक एवढाच, की एका कडेला बारीक खाच होती. रात्रपाळीला डोळ्यांवर झापड आली की ऑपरेटर जॉब उलटा बसवी, भोक चुकीच्या जागी पडे आणि माल बाद होई. बोलणी ऑपरेटरला खावी लागत. साहेब म्हणत, "या लोकांचं लक्षच नसतं कामात." 'या लोकांचं' म्हणजे कुणाचं, हे त्यांना सांगावे लागत नसे आणि आम्हाला विचारावे लागत नसे.

एके दिवशी जेवणाच्या सुटीत मी त्या फिक्स्चरमध्ये सहा मिलिमीटरची एक पिन बसवली. जॉब सुलट असला की खाच पिनेवर नीट बसे. उलटा असला की जॉब पिनेवर अडे, बसतच नसे. त्या दिवसापासून त्या मशीनवर उलट्या भोकाचा एकही ब्रॅकेट निघाला नाही. दोन महिन्यांनी नवे ड्रॉइंग आले. त्यात माझी पिन होती. तिचे माप होते, टॉलरन्स होता, 'सुधारणा ब' अशी नोंद होती. आणि कोपऱ्यात त्याच तीन सह्या होत्या.

मी कुणाला काही विचारले नाही. विचारले असते तर ते साहेब खोटे बोलले असते असेही नाही. त्यांच्या लेखी 'काढले' म्हणजे ज्याने रेघ काढली तो. पिन कुणाला सुचली, हा प्रश्न त्या चौकटीला पडतच नव्हता.

पुष्कळ वर्षांनी कारखान्यात जपानी पद्धतींचे वारे आले तेव्हा कळले, की अशा पिनेला त्या देशात मोठे नाव आहे : पोका-योके. शिगेओ शिंगो नावाच्या अभियंत्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस ही पद्धत बांधली. आरंभी तिचे नाव बाका-योके असे होते. बाका म्हणजे मूर्ख. मूर्खालाही चुकता येऊ नये अशी योजना. एका कारखान्यातील कामगार बाईला ते नाव फार लागले, ती रडली, आणि शिंगोंनी नाव बदलले. पोका म्हणजे अनवधानाने झालेली चूक. चूक माणसाच्या अकलेत नाही, वस्तूच्या रचनेत आहे, एवढी मोठी कबुली त्या एका शब्दबदलात आहे. आमच्याकडे मात्र पिन आली तरी 'या लोकांचं' हा शब्दप्रयोग गेला नाही.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा आज डिझाइनचे माहेरघर म्हणून मिरवतो. नव्या वस्तू, नव्या कल्पना, विजेच्या गाड्या, सीएनजीच्या मोटारसायकली. या पट्ट्याचा इतिहास पुष्कळ वेळा लिहिला गेला, पण तो सह्यांचा इतिहास आहे. मला तो चौकटीच्या बाहेर उभे राहून सांगायचा आहे.

२

आमचे गाव बीड जिल्ह्यातले. जात मांग. माझा आजा केकताडाचे दोर वळी. पाने पाण्यात कुजवायची, झोडपून वाख काढायचा, तो विंचरून पिळायचा आणि पदरावर पदर चढवायचा. दावे, कासरा, चऱ्हाट, नाडा, शिंके : प्रत्येकाची जाडी निराळी, पीळ निराळा. गावाला वाटे, मांगाचा जन्म दोर वळण्यासाठीच असतो. त्याला त्यात डोके लावावे लागत नाही.

डोके किती लागे ते मोटेवर पाहावे. चामड्याच्या सोंडेच्या मोटेला दोन दोर असत. जाड नाडा मोटेच्या तोंडाला बांधलेला आणि वरच्या चाकावरून जाणारा. बारीक सोंदूर सोंडेच्या टोकाला बांधलेला आणि खालच्या रुळावरून जाणारा. बैल धावेवर उतरू लागले की मोट वर येई. तोवर सोंदुराने सोंड वर उचलून धरलेली असे, म्हणून पाणी सांडत नसे. मोट काठाशी आली की सोंड खालच्या रुळावरून पुढे ओढली जाई आणि पाणी आपोआप थारोळ्यात पडे. कुणी हात लावायला नको, कुणी मोट उपडी करायला नको. सारी मेख दोन दोरांच्या लांबीत होती. सोंदूर थोडा लांब झाला तर सोंड खाली लोंबून वाटेतच पाणी गळे; तोकडा झाला तर सोंड आधीच ताणून शिवण उसवे. आजा विहिरीची खोली विचारी, चाक आणि रूळ यांमधले अंतर आपल्या हाताने मोजी, आणि घरी येऊन दोर वळी. टॉलरन्स हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. तो सांभाळून मात्र त्याचा जन्म गेला.

मोटेचे चामडे ढोरांनी कमावलेले, शिवण चांभाराची, दोर मांगाचा. त्या मोटेने उपसलेले पाणी सारा गाव पीत असे. परंतु चामडे कमावणारा, शिवणारा आणि दोर वळणारा त्याच विहिरीची पायरी उतरला असता तर विहीर बाटली असती. मोटेचे पाणी गावाला चालत होते. मोट करणारा चालत नव्हता.

श्रमाच्या वाटणीच्या नावाखाली जातिव्यवस्थेने श्रमिकांचीच उतरंड लावली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या ग्रंथात दाखवून दिले. मला त्याचा अर्थ मोटेवरून उमजतो. वस्तू घडवणाराला ज्ञान नाही असे एकदा ठरवले, की त्याच्या ज्ञानाचे मोल द्यावे लागत नाही. बलुते दिले की झाले.

१९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझाइनकार दांपत्य देशभर हिंडले. त्यांनी दिलेल्या अहवालातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या रोजच्या वापरातल्या लोट्याची अपार स्तुती केली. लोट्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर, कमरेवर, हातात कसा पेलावा, ओतताना धार कशी पडावी, घासायला सोपा कसा असावा : पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनामिक हातांनी या साऱ्या प्रश्नांचा विचार केला आहे, असा त्यांचा आशय. निरीक्षण खरे आहे. अनामिकांना श्रेय देणारे ते पाहुणे मला जवळचेही वाटतात. तरी त्यांच्या प्रश्नांच्या लांबलचक यादीत एक प्रश्न राहून गेला : या लोट्याला हात कुणी लावायचा नाही? माझ्या आजाला पाणी मिळे ते ओंजळीत, वरून ओतलेले. धार कशी पडावी याचा विचार लोटा घडवणाऱ्याने केला असेल. ती किती उंचावरून पडावी हे मात्र जातीने ठरवले होते.

३

वस्तू दिसायला मुकी असते, पण तिच्या रचनेत कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला बाहेर ठेवायचे हे लिहिलेले असू शकते. याचा सर्वांत ठसठशीत दाखला मुंबईच्या कापड गिरण्यांत मिळतो, आणि तो समजल्याशिवाय पुढे पिंपरीत काय बदलले हे कळणार नाही.

गिरण्यांत अस्पृश्य कामगार सूतकताईच्या खात्यांत होते. विणाई खात्यात नव्हते. विणाईची मजुरी अधिक होती. बंदीचे कारण सांगितले जाई ते धोट्याचे. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून बाहेर काढायचा. एका धोट्याला अनेकांची तोंडे लागत. मराठा विणकर म्हणत, अस्पृश्याचे उष्टे आम्ही कसे तोंडात घ्यावे? १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. भांडवलदाराविरुद्ध एकजूट मागता, आणि आपल्याच भावांना मागावर उभे राहू देत नाही, हे कसे?

एक टूलरूमवाला म्हणून मी या धोट्याकडे पाहतो तेव्हा आणखी एक गोष्ट दिसते. तोंड न लावता सूत ओवता येईल असा धोटा जगात तेव्हा अस्तित्वात होता. अमेरिकेत १८९० च्या दशकात नॉर्थरॉपच्या स्वयंचलित मागाबरोबर तो आला. तोंडाने सूत ओढण्याने क्षयासारखे रोग पसरतात म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली त्या पद्धतीवर कायद्याने बंदीही घातली. म्हणजे लाकडाच्या वीतभर तुकड्यातील एका छिद्राचा आकार बदलला असता, तर विटाळाची सबब तरी उरली नसती. विटाळ उरला असता. त्याने दुसरी सबब शोधली असती, हेही मी जाणतो. तरीही ज्या वस्तूच्या आड तो लपला होता ती वस्तू बदलणे कुणाला निकडीचे वाटले नाही, ही गोष्ट लहान नाही. डिझाइनच्या इतिहासात नव्या वस्तूंची नोंद होते. जी वस्तू बदलता येत असून बदलली नाही, तिचीही नोंद व्हायला हवी.

४

पिंपरीचा इतिहास १९५४ पासून सांगण्याची रीत आहे. त्या वर्षी सरकारी मालकीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा राहू लागला. त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला, तेथून थोड्याच अंतरावर देहूरोडला, बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. पहिली नोंद उद्योगाच्या इतिहासात सापडते, दुसरी आमच्या. मला त्या दोन्ही एकाच पानावर हव्या आहेत. कारण पुढच्या तीस वर्षांत या पट्ट्यात जी माणसे आली, त्यांच्यापैकी अनेकांना पहिल्या घटनेने पोट दिले आणि दुसरीने ताठ मान दिली.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो आले. टेल्कोने पुण्याच्या कारखान्याबरोबर १९६६ साली आपले अभियांत्रिकी संशोधन केंद्र उभारायला घेतले. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका.

स्कूटरचा आकार परदेशातून आला होता. १९४६ साली इटलीत कोर्रादीनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याने व्हेस्पा घडवली. मोटारसायकल त्याला आवडत नसे. म्हणून त्याने पायांसाठी मोकळी जागा ठेवली, इंजिन पत्र्याआड झाकले, कपड्यांना तेल लागू नये याची काळजी घेतली. पिआज्जिओ कंपनीशी असलेला करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली बजाजची चेतक आली. आकार मूळचा इटलीचा, पण पत्र्याचा प्रत्येक वळसा इथल्या डाय-पंचावर दाबावा लागे. डाय शेवटी हातानेच उतरते. मशीन तिला नव्वद टक्के आकार देते. उरलेला आकार कानस, पॉलिशचा दगड आणि बोटाचे टोक देते. पत्र्याला सुरकुती कुठे पडते ते पाहायचे, डायचा तेवढा भाग निळाईने तपासायचा, घासायचा, पुन्हा पत्रा दाबायचा. ही विद्या ड्रॉइंगात नसते. ती एका फिटरकडून दुसऱ्याकडे जाते.

चेतक आली त्याच १९७२ च्या दुष्काळाने आम्हाला इथे आणले. बा आणि माय आधी गावाकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होते. ते काम पुरेना, तेव्हा आम्ही पिंपरीला रेल्वेरुळाकडेच्या वस्तीत आलो. बा हमाली करी. मी नगरपालिकेच्या शाळेत गेलो आणि मग औंधच्या आय.टी.आय.त. तिथे पहिले सहा महिने फक्त कानस चालवायला शिकवत. लोखंडाचा तुकडा चौरस होईपर्यंत घासायचा, गुण्या लावून उजेडात धरायचा. उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचा. गुण्याला माझी जात कळत नव्हती. ज्याच्या घराण्यात कुणाच्या हाताला माप सोपवलेले नव्हते, त्याला हा केवढा दिलासा होता, हे अनुभवल्याशिवाय समजणार नाही. जेवणाचा डबा कुठे बसून उघडायचा हा प्रश्न त्या वर्कशॉपमध्येही होताच. पण गुण्यापुढे तो नव्हता.

म्हणून या पट्ट्यावर माझा केवळ राग आहे असे कुणी समजू नये. मागावर जो हात चालला नाही, तो इथल्या लेथवर, प्रेसवर, डायवर चालला. आजाच्या हातातले माप व्हर्निअरवर आले. आम्ही आत आलो. फक्त कोपऱ्यातल्या चौकटीत आलो नाही.

कायद्याकडे पाहिले तर त्याचे कारण अधिक स्पष्ट होते. आपल्या २००० सालच्या डिझाइन्स कायद्याप्रमाणे डिझाइन म्हणजे तयार वस्तूचा असा आकार, अशी ठेवण किंवा नक्षी, की जिची पारख फक्त डोळ्याने होते. वस्तू कशी घडवली, ती रीत या व्याख्येत बसत नाही. आणि मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी डिझाइन केले असेल, तर त्याचा मालक मोबदला देणारा ठरतो. व्यापाराच्या दृष्टीने हे सोयीचे असेल. परंतु ज्या देशात डोळ्याने काम करणारे आणि हाताने काम करणारे हजारो वर्षे वेगवेगळ्या आळ्यांत राहत आले, त्या देशात 'फक्त डोळ्याने' या शब्दांना आणखी एक अर्थ चिकटतो.

५

या पट्ट्यात खऱ्या अर्थाने नवी म्हणावी अशी वस्तू घडली, तेव्हा तिची सुरुवात रस्त्यावर झाली. १९७७ साली बजाजच्या रिक्षाचे इंजिन पुढून मागे गेले. पुढच्या इंजिनाची धग आणि धडधड चालकाच्या अंगावर येत असे. दिवसाचे बारा-बारा तास त्या सीटवर काढणाऱ्या माणसाचे शरीर या बदलाने मोजमापात आले. मी तरी त्या रिक्षाकडे तसेच पाहतो.

टाटा एस या छोट्या मालवाहू गाडीची कथा आता व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवली जाते. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या गटाने तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांकडे जाऊन विचारले, तुम्हाला काय हवे? उत्तरांत भाव, भार, मायलेज होतेच. पण त्याबरोबर एक अनपेक्षित गोष्ट आली : आम्हाला चार चाके हवीत, कारण चार चाकांना मान आहे. चारचाकी असेल तर गावात लग्नाची बोलणीही नीट होतात, असे सांगणारा चालकही त्यांना भेटला. २००५ च्या मे महिन्यात गाडी आली. दोन सिलिंडरचे ७०२ सी.सी.चे डिझेल इंजिन, पाऊण टन माल, गल्लीत वळेल एवढी लांबी. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले, आणि हे नाव कुठल्याही ड्रॉइंगात नव्हते. आमच्या वस्तीतल्या ज्या पोरांनी कर्ज काढून छोटा हत्ती घेतला, त्यांनी पाठीमागे आईचे, बापाचे, बाबासाहेबांचे नाव रंगवून घेतले. सही करायला मिळालेली ती पहिली जागा होती.

मान ही मोजता न येणारी गोष्ट त्या गटाने ऐकली, म्हणून ती वस्तू यशस्वी झाली असे मला वाटते. तीन वर्षांनी हाच धडा उलट बाजूने मिळाला. १० जानेवारी २००८ रोजी नॅनो दाखवण्यात आली. स्कूटरवर पावसात भिजत चाललेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना ती कल्पना सुचली होती. एक लाखाची मोटार. पुण्याच्या संशोधन केंद्रातील तरुण अभियंत्यांनी तिच्यात कमालीची कल्पकता ओतली : ६२३ सी.सी.चे इंजिन मागे, काचेला एकच वायपर, चाकाला चारऐवजी तीनच नट. प्रत्येक ग्रॅमचा आणि प्रत्येक पैशाचा हिशेब. माझ्यासारख्याला त्या काटकसरीत आजाचा दोर दिसतो. एक पीळ जास्त नाही, एक कमी नाही.

तरी ती चालली नाही. सिंगूरमधून प्रकल्प साणंदला हलला, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या, ही कारणे आहेतच. पण मुख्य कारण पुढे खुद्द टाटांनीच बोलून दाखवले. सर्वांत स्वस्त मोटार म्हणून ती लोकांपुढे गेली, तिथेच चूक झाली. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. ज्याच्यासाठी ती केली, त्यालाच ती दारात उभी करायला लाज वाटली. आमच्या शेजारच्या एका कामगाराने जुनी नॅनो घेतली होती. त्याचा मुलगा म्हणाला, "पप्पा, त्यापेक्षा मोटारसायकल बरी. लोक विचारतात तरी नाहीत." या देशात वस्तूलाही जात चिकटते. 'हे गरिबांसाठी' असा शिक्का बसला की गरीबही तिला शिवत नाही. कारण तो शिक्का काय असतो हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक?

६

छोटा हत्तीचे आणखी एक रूप रोज सकाळी आपल्या दारी येते. घंटागाडी. मागचा हौदा बदलून, कडा उंच करून, ती अनेक महापालिकांनी कचऱ्यासाठी घेतली. चालकाला केबिन आहे, सीट आहे, काच आहे. मागे उभ्या राहणाऱ्या माणसाला धरायला एक दांडी. खालून बादली देणाऱ्या बाईला ती खांद्याच्या वर उचलून रिकामी करावी लागते. ओला कचरा असला की पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. एका वेळेस मी आमच्या गल्लीतल्या ताईंना विचारले, हौदा किती खाली असला तर बरे पडेल? त्यांनी क्षणाचाही विचार न करता कमरेशी हात धरून दाखवला. हे माप घ्यायला किती खर्च आला असता? ज्यांनी टेम्पोवाल्याला विचारले, त्यांच्याच वस्तूला नवा हौदा बसवताना या ताईला कुणी विचारले होते काय?

विचारले नाही तरी ज्या बोलल्या, त्यांची हकीकत शेजारच्या पुण्यात घडली. तिथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायांची ही संघटना. त्यांत बहुसंख्य दलित, आणि बाहत्तरच्या दुष्काळाने गाव सुटलेल्या घरांतल्याही पुष्कळ. २००८ पासून त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करायला घेतला. वापरलेले सॅनिटरी पॅड लोक उघडेच टाकत आणि बायांना ते हाताने वेगळे करावे लागत. पॅड घडवणाऱ्यांनी ते वापरणाऱ्या बाईचा कसून विचार केला होता. वापरानंतर ते उचलणाऱ्या बाईचा विचार त्यांच्या कल्पनेत नव्हता. तेव्हा या बायांनी वर्तमानपत्राची पाकिटे बनवली. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडावे लागणार नाही, असे घरोघर सांगितले. २०१३ साली त्यांनी गोळा झालेले वापरलेले पॅडच उत्पादक कंपन्यांना परत धाडले. २०१६ च्या घनकचरा नियमांत, अशा वस्तूंच्या उत्पादकांनी त्या गुंडाळून टाकण्यासाठी पाकीट किंवा वेष्टन द्यावे, असे कलम आले.

एक कागद आणि एक लाल ठिपका. माझ्या पाहण्यात या पट्ट्यातील कुठल्याही नव्या मॉडेलपेक्षा ही कल्पना मोठी आहे. वस्तूचे आयुष्य दुकानात सुरू होऊन घरात संपत नाही. ते कुणाच्या तरी हातावर संपते, हे तिने दाखवले. तो हात कुणाचा, हे या देशात जन्माने ठरत आले होते. धोट्याच्या छिद्राचा जो प्रश्न कुणी सोडवला नाही, त्याच जातीचा हा प्रश्न होता. या वेळी तो सोडवायला ज्यांच्यावर तो लादला होता त्याच पुढे आल्या.

आज चाकणच्या मोठ्या कारखान्यांत गाडीचा सांगाडा यंत्रमानव जोडतात. ठिणग्यांच्या पावसात माणूस उभा राहू नये, हे योग्यच आहे. मात्र त्याच रस्त्याच्या खाली गटार तुंबले तर माणूस उतरवण्याची सवय सुटलेली नाही. २०१३ च्या कायद्याने त्याला मनाई केली. तरी देशात गटारांत माणसे गुदमरत राहिली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये करावी लागली. यंत्र अशक्य आहे असे म्हणण्याची सोय आता नाही. २०१८ साली केरळात काही तरुण अभियंत्यांनी गटार उपसणारा यंत्रमानव तिरुअनंतपुरमला कामाला लावलाही. ज्या पट्ट्यात एका दरवाजाच्या बिजागरीवर महिनोन्‌महिने चर्चा होते, त्याला झाकणाखालच्या वीस फुटांचे कोडे सुटणार नाही, हे मला पटत नाही. कोडे कुणासाठी सोडवायचे, हे आधी ठरते. बुद्धी मग कामाला लागते.

७

माझी मुलगी मेकॅनिकलची पदविका घेऊन चाकणकडच्या एका पुरवठादाराच्या डिझाइन विभागात लागली. कंत्राटावर आहे. आता कागद नाही, पेन नाही. पडद्यावर वस्तू फिरवतात. एका रविवारी तिने घरी लॅपटॉपवर मला एक फिक्स्चर दाखवले. मी सवयीने उजवा कोपरा पाहिला. चौकट तशीच होती. 'काढले' या रकान्यात एका माणसाचे नाव होते.

"हे कोण गं?"

"आमचे साहेब. सॉफ्टवेअरचं लायसन्स त्यांच्या नावावर आहे, पप्पा. कुणीही काढलं तरी नाव आपोआप त्यांचंच पडतं."

मी काही बोललो नाही. तिने पडदा थोडा वर सरकवला आणि सुधारणांचा रकाना दाखवला. तिथे तारखेपुढे लिहिले होते : क्लॅम्पची मूठ डावीकडे घेतली. आणि पुढे एक नाव. लाइनवर काम करणाऱ्या एका बाईचे. मूठ उजवीकडे असल्याने तिचा खांदा दुखे. बदल तिनेच सुचवला होता.

"तपासणाऱ्यांनी दोनदा काढून टाकलं," मुलगी म्हणाली. "म्हणतात, असं लिहायची पद्धत नाही."

"मग?"

"मग काय? दर सुधारणेला पुन्हा लिहिते."

मी चष्मा पुसून ते नाव पुन्हा वाचले. मग तिला विचारले, त्या बाई मूठ किती डावीकडे म्हणाल्या होत्या. तिने सांगितले, चाळीस मिलिमीटर. ड्रॉइंगमध्ये माप चाळीसच होते.